पिकअपचा ऑक्सिजन सेन्सर: आधी तपासा, मग बदला



या पत्रिकेत आपण बियाणे, खते, फवारणी, पंप यांविषयी वाचत आलात. आज विषय जरा वेगळा आहे. पण शेतीच्या बाहेरचा मात्र नाही. माल पिकवला, काढला, निवडला, जुड्या बांधल्या, आणि पहाटे गाडीच अडली तर? सगळ्या मेहनतीवर पाणी! म्हणून आज बोलायचं आहे ते आपला माल बाजारात पोहोचवणाऱ्या पिकअप गाडीबद्दल, आणि तिच्यातल्या एका बोटभर लांबीच्या भागाबद्दल. त्याचं नाव ऑक्सिजन सेन्सर.

मढचंच उदाहरण घ्या. मढ जेट्टीवरून समोर वर्सोवा दिसतं. फेरीबोटीत माणसं जातात, दुचाकी जाते. पण मालाने भरलेली पिकअप जात नाही. तिला एरंगळ, आक्सा, मार्वे, मालवणी असा वळसा घालून मालाडला यावं लागतं. त्यात भाजी असेल तर ती कोमेजते आणि मासळी असेल तर बर्फ वितळतो. वाटेत इंजिन धडधडायला लागलं, पेट्रोल भराभर खाऊ लागलं, समोरच्या काट्यांच्या पाटीवर पिवळा दिवा लागला, की मालकाच्या काळजात धस्स होतं. मग गॅरेजात सांगतात, "सेन्सर गेला, बदलून टाकू." कधी ते खरं असतं, कधी नसतं. खरं कसं ओळखायचं, ते आज पाहू.

कोणत्या गाडीत हा सेन्सर असतो?

आधी हे नक्की करा, नाहीतर नसलेली वस्तू शोधत बसाल. कार्बुरेटरच्या जुन्या गाड्यांत हा सेन्सर सहसा नसतो. जुन्या डिझेल पिकअपमध्येही नसतो. आज रस्त्यावर असलेल्या पेट्रोल आणि सीएनजी पिकअपमध्ये, म्हणजे टाटा एस किंवा मारुती सुपर कॅरी यांच्या पेट्रोल व सीएनजी गाड्यांत तो असतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांतही धूर तपासणारे सेन्सर असतात, पण त्यांची जात वेगळी आणि तपासणीही वेगळी. खाली दिलेली मीटरची तपासणी डिझेल गाडीला लावू नये.

सेन्सर करतो काय?

आपली चूल आठवा. लाकडं कोंबली आणि हवा कमी पडली तर काळा धूर होतो, लाकूड वाया जातं. हवा फार झाली तर जाळ भडकतो, पण भांड्याला धग लागत नाही. इंजिनाचंही तसंच आहे. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. सीएनजीला एक किलोमागे साधारण १७ किलो हवा लागते. हे माप गाडीतला संगणक सांभाळतो. पण माप बरोबर पडलं की नाही, हे त्याला कसं कळणार? ते धुरावरून कळतं. सायलेन्सरच्या नळीत, इंजिनाजवळ हा सेन्सर बसवलेला असतो. जळून आलेल्या धुरात प्राणवायू किती उरला, ते तो सतत सांगत असतो.

त्याच्या टोकाशी झिर्कोनिया नावाच्या भाजलेल्या मातीसारख्या पदार्थाची टोपी असते. तिच्या एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. दोन्हींकडच्या प्राणवायूत जितका फरक, तितकी वीज तयार होते. इंधन जास्त आणि हवा कमी असेल तर सुमारे ०.८ ते ०.९ व्होल्ट, हवा जास्त असेल तर ०.१ ते ०.२ व्होल्ट. संगणक हे पाहून इंधन थोडं कमी करतो, मग थोडं वाढवतो, पुन्हा कमी करतो. म्हणून चांगला सेन्सर कधी एका जागी स्थिर राहत नाही. तो खालीवर डोलत राहतो. हे डोलणं म्हणजे त्याची नाडी, असं समजा.

ही टोपी सुमारे ३०० अंश सेल्सियसच्या वर तापली तरच काम करते. म्हणून सेन्सरच्या आत एक छोटा हीटर बसवलेला असतो. सेन्सर बिघडला असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा मेलेला असतो तो हा हीटर.

हा सेन्सर काही कालपरवाचा शोध नाही. जर्मनीच्या बॉश कंपनीने तो १९७६ मध्ये मोटारीसाठी बाजारात आणला आणि स्वीडनच्या व्होल्वो गाडीत तो पहिल्यांदा बसला. आता तो आपल्या भाजीच्या गाडीतही आहे.

लक्षणे कोणती?

१) चेक इंजिनचा पिवळा दिवा लागून राहतो.
२) गाडी पूर्वीपेक्षा जास्त इंधन खाते.
३) उभ्या गाडीचं इंजिन हेलकावे खातं किंवा बंद पडतं.
४) प्लग काळे पडतात, सायलेन्सरच्या तोंडाशी काळी काजळी धरते.
५) पीयूसीच्या तपासणीत गाडी नापास होते. बीएस-४ आणि त्यापुढच्या पेट्रोल चारचाकीला उभ्या अवस्थेत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. इंधन जास्त जात असेल तर ती लगेच ओलांडली जाते.

दुर्लक्ष केलं तर काय होतं, त्याचा साधा हिशेब करा. समजा, गाडी रोज ६० किलोमीटर धावते आणि लिटरला १५ किलोमीटर देते. रोज ४ लिटर लागतात. तीच गाडी १२ किलोमीटरवर आली तर रोज ५ लिटर लागतात. महिन्यात २५ फेऱ्या झाल्या तर २५ लिटर पेट्रोल धुरात गेलं! शिवाय जास्तीचं इंधन सायलेन्सरमधल्या धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात जाऊन जळतं. त्या डब्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. तो तापून निकामी झाला तर त्याची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट असते. म्हणून दिवा लागला की टाळाटाळ नको.

दिवा लागला म्हणजे सेन्सर गेला असं नाही

ही आजची मुख्य गोष्ट, ध्यानात ठेवा. सेन्सर हा साक्षीदार आहे. धुरात जे दिसतं ते तो सांगतो. "हवा जास्त आहे" असं तो ओरडत असेल, तर कुठेतरी खरोखरच हवा शिरत असेल. तो साक्षीदार बदलून नवा आणला, तर नवाही तेच सांगणार! पैसे गेले आणि दिवा तसाच.

म्हणून पहिलं काम म्हणजे कोड वाचून घेणे. स्टिअरिंगच्या खाली एक सॉकेट असतं. गॅरेजवाले त्याला स्कॅनर जोडतात आणि संगणकाने नोंदवलेला कोड वाचतात. हा कोड कागदावर लिहून मागा. पुसण्यापूर्वी लिहून घ्या, नंतर नाही. नेहमी येणारे काही कोड असे आहेत:

पी ०१३५ – पुढच्या सेन्सरच्या हीटरची जोडणी किंवा हीटर बिघडला.
पी ०१४१ – मागच्या सेन्सरचा हीटर.
पी ०१३३ – पुढचा सेन्सर सुस्त झाला, उशिरा उत्तर देतो.
पी ०१७१ – मिश्रणात हवा जास्त.
पी ०१७२ – मिश्रणात इंधन जास्त.
पी ०४२० – कन्व्हर्टर नीट काम करत नाही.

यातले पी ०१७१ आणि पी ०१७२ हे कोड सेन्सर वाईट असल्याचं सांगत नाहीत. ते मिश्रण बिघडल्याचं सांगतात. हे दोन कोड दाखवून कोणी लगेच सेन्सर बदलायला निघालं, तर थांबा आणि "आधी गळती बघू या" असं म्हणा.

दुसरं काम डोळ्यांनी पाहण्याचं. त्याला पैसा लागत नाही.

अ) एअर फिल्टर धुळीने बुजला आहे का? प्लग कधी बदलले होते?
आ) इंजिनावरच्या रबरी नळ्या तडकल्या आहेत का, निसटल्या आहेत का?
इ) इंजिन आणि सेन्सर यांच्यामध्ये सायलेन्सरच्या नळीला भोक किंवा फाटकं पॅकिंग आहे का? तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरची फसगत होते. गार इंजिन सुरू करताना "फट्‌ फट्‌" आवाज येतो का, ते ऐका.
ई) सेन्सरची वायर सायलेन्सरला टेकून जळली आहे का? उंदराने कुरतडली आहे का?
उ) वायरीचा कनेक्टर उघडून पाहा. आतल्या पितळी पिना चकचकीत आहेत की हिरव्या पडल्या आहेत?

खाऱ्या वाऱ्याच्या गावांनी विशेष काळजी घ्यावी

हा शेवटचा मुद्दा मढ, गोराई, मनोरी, उत्तन अशा किनाऱ्यावरच्या गावांसाठी फार महत्त्वाचा. इथे वाऱ्यात मीठ असतं. मासळीच्या क्रेटमधून बर्फाचं खारं पाणी ठिबकतं, ते हौद्याच्या फटींतून खाली चेसिसवर आणि वायरींवर पडतं. पितळी पिनेवर मीठ बसलं की हिरवट थर धरतो आणि वीज अडते. हीटरला वीज मिळाली नाही की संगणक पी ०१३५ किंवा पी ०१४१ लिहून दिवा पेटवतो. इथे सेन्सर ठणठणीत असतो, आजारी असते ती पिन.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. मासळीची ने-आण करणाऱ्या गाड्या त्या काळात उभ्या राहतात. पावसाची ओल, मीठ आणि उंदीर, तिघांनाही मोकळं रान मिळतं. म्हणून हंगाम सुरू होण्याआधी एकदा गाडीखाली वाकून कनेक्टर आणि वायरी पाहाव्यात. हौद्यात प्लास्टिकचा ताव अंथरावा आणि पाणी मागच्या बाजूने वाहून जाईल अशी सोय करावी. मासळीची फेरी झाली की गाडीची खालची बाजू गोड्या पाण्याने धुवावी. मात्र पाण्याची जोरदार धार कनेक्टरवर धरू नये. गाडी समुद्राच्या पाण्यात तर कधीच उतरवू नये.

एक सूचना आहे. पिना साफ करून कोरड्या कराव्यात, कनेक्टरचं रबरी सील शाबूत ठेवावं, पण त्यात ग्रीस कोंबू नये. पुष्कळशा सेन्सरना लागणारी बाहेरची हवा वायरीच्या आतूनच मिळते. ती वाट बुजली की चांगला सेन्सरही चुकीचं बोलू लागतो.

मीटरने तपासणी

साधा डिजिटल मल्टीमीटर असला की ही तपासणी गावात होते. चार-पाच गाडीवाल्यांनी मिळून एक घ्यावा. तपासणी मोकळ्या जागेत करावी. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आहे आणि त्याला वास नसतो. सीएनजी गाडी असेल तर ती पेट्रोलवर घ्यावी आणि गॅसच्या नळ्यांना हात लावू नये.

पुढच्या सेन्सरला बहुधा चार वायरी असतात. त्यांतल्या एकाच रंगाच्या दोन वायरी हीटरच्या. उरलेल्या दोनांपैकी एक खबर देणारी, एक अर्थिंगची. पुष्कळ सेन्सरमध्ये हीटरच्या पांढऱ्या, खबरेची काळी आणि अर्थिंगची करडी असते. पण कंपनीप्रमाणे रंग बदलतात, म्हणून गाडीचं पुस्तक पाहावं. पाच किंवा जास्त वायरी असतील तर तो सेन्सर दुसऱ्या जातीचा आहे. तो स्कॅनरनेच तपासून घ्यावा.

हीटर: इंजिन गार, चावी बंद, कनेक्टर वेगळा. सेन्सरकडच्या बाजूने हीटरच्या दोन वायरींमध्ये मीटर ओहमवर लावा. साधारण २ ते १५ ओहम आले तर हीटर जिवंत आहे. मीटर काहीच दाखवत नसेल, म्हणजे आतली तार तुटली असेल, तर हीटर मेला. हीटर चांगला असूनही कोड येत असेल तर फ्यूज आणि गाडीकडून येणारी १२ व्होल्टची वीज तपासा. ओहमचं मीटर खबरेच्या वायरीला मात्र लावू नये, सेन्सर खराब होतो.

खबर: कनेक्टर पुन्हा जोडा. इंजिन चांगलं तापू द्या, मग दोन-तीन मिनिटं गती वाढवून ठेवा. मीटर २ व्होल्ट डीसीवर ठेवा. कनेक्टरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून खबरेची वायर आणि सेन्सरचीच अर्थिंगची वायर यांमध्ये आकडा पाहा. वायरीचं वेष्टण टोचून भोक पाडू नका, तिथून पाणी शिरतं.

आकडा ०.१ ते ०.९ च्या दरम्यान भराभर खालीवर होत असेल तर सेन्सर काम करतो आहे. खात्री करायची असेल तर ॲक्सिलरेटर झटकन दाबा: आकडा ०.८ च्या आसपास चढला पाहिजे. सोडा: तो ०.२ च्या खाली उतरला पाहिजे. दोन्हीकडे तो चटकन गेला तर साक्षीदार खरा आहे. दोष दुसरीकडे शोधा. आकडा मध्येच अडकून बसला, किंवा म्हाताऱ्या बैलासारखा सावकाश हलला, तर सेन्सर बदलण्याची वेळ आली.

कन्व्हर्टरच्या मागे असलेल्या सेन्सरचा नियम उलटा आहे. तो ०.६ ते ०.७ च्या आसपास बऱ्यापैकी स्थिर राहावा. तोही पुढच्यासारखा डोलत असेल तर कन्व्हर्टर थकला असण्याची शक्यता आहे.

बदलायचा कसा?

१) त्याच गाडीचा, त्याच जागेचा सेन्सर घ्यावा. पुढचा आणि मागचा वेगवेगळा असू शकतो. जुन्याचा नंबर आणि वायरींची संख्या ताडून पाहावी.
२) बॅटरीची निगेटिव्ह केबल काढावी.
३) सायलेन्सर कोमट असताना काम करावं. लालभडक तापलेला असताना हात भाजतो आणि अगदी गार असताना आटे घट्ट धरतात.
४) आट्यांवर गंज सोडवणारं तेल टाकून थोडा वेळ थांबावं. किनाऱ्यावरच्या गाडीला ही पायरी चुकवू नये. घाईत जोर लावला तर नळीचे आटे निघून येतात आणि पाच मिनिटांचं काम दिवसभराचं होतं.
५) बहुतेक सेन्सरना २२ मिलिमीटरचा पाना लागतो. वायर जाऊ शकेल अशी फट असलेला खास सॉकेट मिळाला तर फार बरं.
६) नव्या सेन्सरच्या आट्यांना बहुधा कारखान्यातूनच न चिकटणारं मलम लावलेलं असतं. तसं असेल तर वर आणखी लावू नये. टोकाला तर तेल, मलम, हात काहीच लागू देऊ नये.
७) आधी हाताने फिरवून बसवावा, मग पान्याने आवळावा. साधारण ४० न्यूटन-मीटर पुरे होतं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहावा.
८) वायर मूळ वाटेनेच न्यावी, क्लिपमध्ये अडकवावी. वायरी कापून डाग मारून जोडू नयेत, त्याने हवेची वाट बंद होते. मूळ कनेक्टरचाच सेन्सर घ्यावा.
९) सेन्सर जमिनीवर पडला असेल तर तो बसवू नये. आतली टोपी तडकलेली असते, बाहेरून दिसत नाही.

मग केबल जोडून स्कॅनरने कोड पुसावा. पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवून पुन्हा कोड पाहावा. तो परत आला नाही तर काम फत्ते.

जुना सेन्सर टाकू नका, आधी वाचा

काढलेल्या सेन्सरचं टोक इंजिनाची तब्येत सांगतं. कोरडी काळी काजळी असेल तर इंधन जास्त जात होतं. तेलकट तपकिरी थर असेल तर इंजिन ऑइल जळत आहे. पांढरी भुकटी असेल तर कुठेतरी चुकीचं सिलिकॉन सीलंट वापरलं आहे किंवा कूलंट इंजिनात जात आहे. हे मूळ कारण दूर केलं नाही तर नवा सेन्सरही त्याच वाटेने जाणार. पिकावर कीड पडली की नुसतं पान तोडून भागत नाही, तसंच हे.

सेन्सर पेट्रोलमध्ये धुऊन किंवा जाळावर धरून "साफ" करून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. त्याने तो सुधारत नाही.

थोडक्यात

दिवा लागला: कोड लिहून घ्या. कोड लिहिला: नळ्या, पॅकिंग, वायरी, पिना पाहा. तिथे दोष नसेल: मीटर लावा. मीटरने सेन्सर मेला असं सांगितलं: मग उशीर न करता बदला. ही चार पावलं क्रमाने टाकली तर चांगला सेन्सर फेकला जाणार नाही आणि मेलेला सेन्सर इंधन खात बसणार नाही.

गॅरेजवाल्याशी भांडण करायची गरज नाही. "दादा, कोड काय आला? हीटर मोजला का? आकडा डोलतो का?" एवढे तीन प्रश्न विचारा. चांगला कारागीर आनंदाने दाखवील. जो दाखवायला तयार नाही, त्याच्याकडे गाडी ठेवायची की नाही, ते आपण ठरवा.

हा कागद गाडीच्या पुस्तकातच ठेवून द्यावा. वाडीतल्या दुसऱ्या गाडीवाल्यालाही वाचून दाखवावा. आपला माल वेळेवर बाजारात पोहोचो, ही सदिच्छा. नमस्कार.